तंजावरचे सरफोजी राजे आणि दरबारातले दोन तट

तुमच्या शाखेत कधी दोन गट पडले आहेत का? एकाने बैठक बोलावली की दुसऱ्याची माणसे यायची नाहीत, असे? मग तंजावरच्या सरफोजी राजांचे बालपण तुम्ही जरूर वाचा. त्यांचे सरस्वती महाल ग्रंथालय आपल्याला ठाऊक असते. पण त्याआधीची अकरा वर्षे भाऊबंदकीत गेली, हे फारसे कोणी सांगत नाही.

१७८७ साली राजे तुळजाजी मृत्युशय्येवर होते. मागे मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी भोसले कुळातल्या नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. मुलाला श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या हाती सोपवावे, अशी राजांची इच्छा होती. श्वार्ट्झ यांनी ती मानली नाही. परक्याकडे मूल दिले तर राज्यात तट पडतील, त्यापेक्षा तुमचे सावत्र बंधू अमरसिंह यांनाच पालक करा, असा सल्ला त्यांनी दिला. सल्ला शहाणपणाचा वाटतो ना? पण तट पडायचे ते पडलेच.

तुळजाजी गेले आणि अमरसिंहांच्या बाजूने दत्तकविधानच अशास्त्रीय असल्याचे म्हणणे पुढे आले. इंग्रज कंपनीने पंडितांना विचारले. त्यांनी दत्तक अमान्य ठरवले आणि पालकच गादीवर बसले. लहानग्या सरफोजींना राजवाड्यात जवळजवळ कोंडून ठेवले गेले. शिकवायला कोणी नाही, खोलीत पुरेसा उजेड नाही. विचार करा, भांडण मोठ्यांचे आणि अंधारात बसला तो दहा-बारा वर्षांचा मुलगा!

इथे श्वार्ट्झ यांचे मोठेपण दिसते. अमरसिंहांना पालक करा हे त्यांनीच सुचवले होते, तरी आपलेच म्हणणे धरून ते बसले नाहीत. मुलाचे हाल पाहिल्यावर त्यांनी कंपनीकडे पुन्हा पुन्हा दाद मागितली. १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्या मद्रासला हलवल्या गेल्या. तिथे गेरिके यांच्या देखरेखीखाली मुलाचे शिक्षण झाले. दत्तकाचा प्रश्न पुन्हा शास्त्रज्ञ पंडितांपुढे ठेवला गेला आणि या वेळी उत्तर उलटे आले. जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले होते. हा दिवस त्यांना पाहता आला नाही.

आता काकांचे काय? त्यांच्याशी सूडाचा खेळ झाला नाही. अमरसिंह तिरुविडैमरुदूरला राहायला गेले, त्यांना वर्षाला २५,००० होनांची नेमणूक मिळाली आणि १८०२ मध्ये त्यांचे निधन झाले. तरुण राजाने आपली शक्ती जुने हिशेब चुकते करण्यात घालवली नाही. ग्रंथ जमवणे, छापखाना, धन्वंतरी महालातली औषधे, ओरत्तनाडूच्या छत्रातले अन्नदान यांत तो रमला. श्वार्ट्झ यांच्या अंतकाळाचे संगमरवरी शिल्प त्याने लंडनच्या फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

पण गोष्टीची दुसरी बाजूही बघायला हवी. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, करार दिसला की आधी रक्कम बघतो. ऑक्टोबर १७९९ च्या तहात सरफोजींना मिळाले वर्षाला एक लाख होन, निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा आणि किल्ला. बाकी सगळा राज्यकारभार कंपनीकडे गेला. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ ही म्हण आपण सहज बोलून जातो. इथे त्या लाभाचा आकडाच लिहिलेला आहे. घरातला वाद घरात मिटला नाही, दोन्ही बाजू न्याय मागायला एकाच दारात गेल्या, आणि निवाडा देणारा घराचा मालक झाला.

सरफोजी १८३२ मध्ये गेले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. या वेळी वाद घालायला दोन तट उरले नव्हते. कंपनीने राज्य संपल्याचे जाहीर केले.