फादर स्टीफन्स

आज मी अशा माणसाचे चरित्र लिहीत आहे की ज्यांची भाषा इंग्रजी होती, पण त्यांनी पुराण लिहिलं मराठीत.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमध्ये झाला. ते जेझुइट पंथाचे पाद्री झाले. १५७९ साली ते शिडाच्या जहाजातून गोव्यास आले. त्या प्रवासाला सहा महिने लागले. आपल्या बुरोंडीची कुठलीच होडी एवढे दिवस समुद्रात राहात नाही.

तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. साष्टी भागात त्यांनी देवळं पाडली आणि पुष्कळ लोकांना ख्रिस्ती केलं. लोक फार चिडले. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच पाद्री मारले. मग पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि ठार केलं. बोलावून मारणं मला मुळीच पटलं नाही.

त्याच साष्टीत फादर स्टीफन्स पुष्कळ वर्षे राहिले. ते मराठी आणि कोंकणी शिकले. कोंकणीचं व्याकरणसुद्धा त्यांनी लिहिलं. ख्रिस्ती झालेल्या लोकांचं देऊळ गेलं, पोथ्या गेल्या, पण पुराण ऐकायची गोडी काही गेली नाही. ओवी तर तोंडातली, ती कशी पाडणार? माझ्या आजीला लिहिता येत नाही, पण जात्यावरच्या ओव्या तिला अजून पाठ आहेत.

म्हणून फादरनी येशूची कथा ओव्यांतच रचली. ते ख्रिस्तपुराण. त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत. स्वर्गाला त्यांनी आपलाच वैकुंठ शब्द घातला. मराठी भाषेची स्तुतीही केली. १६१६ साली ते रायतूर येथे छापले. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावं लागलं! लोक ते देवळाऐवजी चर्चमध्ये बसून ऐकू लागले. लोकांनी ख्रिस्ती धर्मातच राहावं हाच फादरांचा हेतू होता. तरी मला ते आवडतात, कारण त्यांनी लोकांची भाषा तोडली नाही.

१६१९ साली ते गोव्यातच वारले. पुढे १६८४ साली पोर्तुगीजांनी लोकांची भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. १७३६ साली त्यांच्या धर्माच्या न्यायालयाने ख्रिस्ती लोकांना लग्नात हळद लावायला आणि दारात तुळस ठेवायलाही बंदी केली. लोकांनी सगळं काही सोडलं नाही. अजून गोव्यात ख्रिस्ती लग्नाच्या आधी नवरानवरीला नारळाचा रस चोळून आंघोळ घालतात. त्याला रोस म्हणतात. आपल्या हळदीसारखाच तो कार्यक्रम असतो, गाणीसुद्धा म्हणतात. साष्टीतल्या राय गावात ऑगस्ट महिन्यात भाताची पहिली कणसं चर्चमध्ये नेतात. पाद्री त्यांना आशीर्वाद देतात, मग लोक ती घरी आणतात. आपण दाराला नवं बांधतो ना, तीच कणसं.