मुल्कोवालची बाटली आणि डॉ. हाफकिन

पावसाळा सरतां सरतां विदर्भांतील शेतांच्या बांधांवर व पडीक जमिनींत गवत माजतें, आणि त्या गवतांत जेमतेम डोळ्यांस दिसेल असा एक बारीक किडा दबा धरून असतो. २०१८ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरांत ह्याच किड्याच्या दंशानें जडणारा स्क्रब टायफस नांवाचा ज्वर नागपुरांत व आसपासच्या जिल्ह्यांत उद्भवला, आणि कित्येक घरांतील माणसें घेऊन गेला. उंदराच्या अंगावर पोसणारा किडा, किड्याच्या पोटांत राहणारा जंतु, आणि त्या दोघांच्या आपसांतील व्यवहारांत नाहक ओढला गेलेला शेतकरी, असें ह्या रोगाचें स्वरूप आहे. वेळीं ओळखला तर डॉक्सीसायक्लिनसारख्या स्वस्त औषधानें तो बरा होतो. न ओळखला तर प्राण घेतो. त्यावर माणसास टोचावयाची लस अद्याप प्रचारांत आलेली नाहीं.

उंदीर, पिसू, गोचीड अशा क्षुद्र जीवांच्या द्वारें माणसावर चाल करून येणाऱ्या जंतूंचा माग काढण्याचें काम महाराष्ट्रांत प्रथम मुंबईस, परळच्या प्रयोगशाळेंत नेटानें सुरू झालें. ती उभारणाऱ्या गृहस्थाचें नांव वाचकांस संस्थेच्या पाटीवरून आणि पोलिओच्या लशीवरून ठाऊक आहे. त्या नांवाच्या मनुष्यावर कोणता प्रसंग गुदरला, हें मात्र फारसें कोणास ठाऊक नसतें. आम्ही धंद्यानें वकील असल्यामुळें त्या चरित्रांतील तोच भाग आम्हांस अधिक विचार करावयास लावितो.

व्लादिमीर हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं काळ्या समुद्राच्या कांठीं ओडेसा येथें एका यहुदी कुटुंबांत झाला. तें शहर त्या काळीं रशियाच्या झारच्या साम्राज्यांत होतें. तेथील विश्वविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकत असतां त्यांस मेचनिकॉफ यांच्यासारखा गुरु लाभला. परंतु त्या राज्यांत यहुद्याच्या मुलास विद्या मिळाली तरी पद मिळत नसे. यहुदी वस्तीवर दंगेखोर चालून आले, तेव्हां तिच्या रक्षणार्थ हाफकिन पुढें सरसावले, जखमी झाले, आणि वर पुन्हा अटकही त्यांनाच झाली. जुलमी राजवटींत मार खाणाराच आरोपी ठरतो, हा अनुभव त्यांस असा विशींतच आला. धर्म बदलल्यास अध्यापकाची जागा मिळण्यासारखी होती. ती वाट त्यांनीं नाकारली व १८८८ सालीं देश सोडला. जिनिव्हाहून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत गेले. तेथें प्रथम मिळालेली जागा ग्रंथपालाच्या मदतनिसाची! ह्या जागेवर राहून जंतुशास्त्राचा अभ्यास करीत त्यांनीं पटकीची लस सिद्ध केली, आणि १८ जुलै १८९२ रोजीं ती पहिल्यानें स्वतःच्या अंगांत टोचून घेतली.

पुढच्याच वर्षीं ते हिंदुस्थानांत आले. कलकत्त्याच्या दाट वस्त्यांतून व आसामच्या चहाच्या मळ्यांतून त्यांनीं हिंदी डॉक्टरांस बरोबर घेऊन काम केलें. लोक साशंक असत. आधीं आपल्या अंगावर टोचून दाखवावें, मग दुसऱ्यास विचारावें, हा त्यांचा शिरस्ता. अडीच वर्षांच्या आंत चाळीस हजारांवर लोकांनीं त्यांच्याकडून टोचून घेतलें. हिंवतापानें प्रकृति ढासळल्यामुळें त्यांस मध्यंतरीं विलायतेस जावें लागलें. परंतु १८९६ सालीं ते परत आले, आणि त्याच सालीं मुंबईवर प्लेगचें संकट कोसळलें.

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांतील तापाचे रोगी पाहून हा ग्रंथिक सन्निपात आहे असें निदान प्रथम डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनीं केलें. ऑक्टोबरांत हाफकिन मुंबईस पोंचले. त्यापुढें काय घडलें हें महाराष्ट्रास शिकविण्याची गरज नाहीं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. कलमें अवघीं चार. पण दुसऱ्यानें सरकारास वाटेल तो हुकूम सोडण्याचा अधिकार दिला, आणि चौथ्यानें त्या हुकुमाखालीं सद्धेतूनें वागणाऱ्या अंमलदारावर दावा लावण्याची वाट बंद केली. (२०२० सालच्या करोनाच्या सांथींतही सरकारच्या हातीं हाच सव्वाशे वर्षांचा कायदा होता.) पुण्यांत रँडसाहेबानें गोऱ्या सोजिरांकडून घरें तपासविलीं, देवघरांत व माजघरांत बूट नेले, आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडींत झाला. त्याच सालीं लोकमान्यांस राजद्रोहाची शिक्षा झाली. त्याच सांथींत, १० मार्च रोजीं, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेवला. पुढें नागपुरांतही विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या रोगानें अनेक कुटुंबें बसविलीं. घरांत उंदीर पडला कीं गांव सोडून रानांत झोंपड्या घालाव्या, हें आपल्या आज्या-पणज्यांनीं अनुभवलेलें आहे.

एकीकडे असा बंदुकीच्या जोरावर आरोग्य लादण्याचा उद्योग चालू असतां ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका खोलींत व तिच्यापुढच्या ओटीवर हाफकिन काम करीत होते. मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई. बकऱ्याच्या मांसाच्या रसांत प्लेगचे जंतु वाढवावयाचे. रसावर तुपाचे वा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले म्हणजे त्या थेंबांखालीं जंतूंच्या वाढीला गुहेंतील लोंबत्या सुळक्यांसारखा आकार येई, आणि त्यावरून ती वाढ प्लेगच्याच जंतूंची आहे अशी ओळख पटे. नंतर सुमारें ७० अंश उष्णतेनें जंतु मारावयाचे, कीं झाली लस तयार. आमच्या स्वयंपाकघरांतील तूप असें जगाच्या शास्त्रांत शिरलें! तीन महिन्यांत लस सिद्ध झाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं लोकांस द्यावयाच्या मात्रेहून बरीच मोठी मात्रा स्वतःस टोचून घेतली. ताप आला, दंड सुजला. ते कामावरून हलले नाहींत.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथें बंद्यांपैकीं सुमारें निम्मे स्वेच्छेनें पुढें आले. टोचण्याच्या दिवशींच ज्यांस रोग जडलेला होता ते वगळले, तर टोचलेल्यांत दोघे आजारी पडले व दोघेही वांचले. न टोचलेल्यांत बारा आजारी पडले व सहा दगावले. संख्या लहान म्हणून कोणी शंका काढील. पण पुढच्या सालीं बडोदें संस्थानांतील उंधेरा गांवीं त्यांनीं घरोघरच्या मंडळींतील सुमारें निम्म्यांस टोचलें आणि बाकीच्यांशीं ताळा घातला. ज्या घरांत मग प्लेग आला, तेथील टोचलेल्या ७१ माणसांपैकीं ८ आजारी पडून ३ वारले. न टोचलेल्या ६४ पैकीं २७ आजारी पडून २६ वारले. एकाच छपराखालीं, एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांचा हा हिशेब आहे. न्यायालयांत दोन्ही पक्षांचा पुरावा शेजारीं शेजारीं मांडावा, तसाच हा प्रकार. आणि हाफकिन ह्याहून कमी पुराव्यावर समाधान मानीत नसत. ज्यांना टोचलें नाहीं त्यांचें काय, हा आक्षेप आज कोणीही घेईल व तो वाजवी आहे. परंतु लस उपयोगी पडेल किंवा नाहीं हें त्या दिवसापर्यंत कोणासही ठाऊक नव्हतें, हेंही विसरतां येत नाहीं.

लोकांनीं ही लस एकदम स्वीकारली असें नाहीं. ज्या सरकारचे सोजीर घरांत शिरले त्याच सरकारची सुई दंडांत कां घ्यावी, ही शंका अडाणीपणाची म्हणून हंसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. रँडनें जो विश्वास मोडला त्याची किंमत हाफकिन यांच्या लशीला मोजावी लागली. अशा वेळीं आगाखान यांनीं आपला एक बंगला प्रयोगशाळेसाठीं दिला व सर्वांदेखत टोचून घेतलें. त्यांच्या मागून हजारों खोजे पुढें आले. ऑगस्ट १८९९ मध्यें प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली. प्लेगचा जंतु यर्सिन यानें १८९४ सालींच हाँगकाँग येथें शोधला होता. पण तो उंदराकडून माणसाकडे पिसवेच्या दंशानें येतो, हें सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराची येथें प्रयोगानें दाखविलें, आणि त्यावर शंका घेणाऱ्यांचीं तोंडें ग्लेन लिस्टन प्रभृतींच्या परळांतील संशोधनानें बंद झालीं. म्हणजे शत्रु कोणत्या वाटेनें येतो हें कळण्यापूर्वींच हाफकिन यांनीं ढाल तयार केली होती.

आतां मुल्कोवाल. १९०२ सालीं पंजाबांत प्लेग भडकला आणि परळकडे लशीची प्रचंड मागणी आली. ती पुरविण्यासाठीं हाफकिन यांनीं कृतींत फेर केला. लशींत कार्बॉलिक मिसळण्याचें सोडून केवळ उष्णतेवर भरंवसा ठेविला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं मुल्कोवाल ह्या खेड्यांत १०७ लोकांस टोचण्यांत आलें. आठवड्याभरांत त्यांपैकीं १९ जणांस धनुर्वात झाला व ते सर्वच्या सर्व मेले. त्या १९ जणांस ज्या बाटलींतून लस दिली ती एकच होती. ज्या घरांतील कर्ता पुरुष असा गेला त्यांचा आक्रोश कोण नाकारील? चौकशी झालीच पाहिजे होती.

चौकशी झाली. मंडळाचे अध्यक्ष मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. हे तेच जेंकिन्स, कीं ज्यांनीं पुढें कलकत्त्यास बारींद्र घोषांची फांशी रद्द केली. त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयीं आमच्या मनांत आदर आहे. असे असूनही त्यांच्या मंडळानें ठरविलें कीं, विष बाटलींत परळ येथेंच, ती उघडण्यापूर्वीं शिरलें असावें. कार्बॉलिक सोडल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांच्या हातून प्रयोगशाळा काढून घेण्यांत आली, अर्ध्या पगारावर त्यांस बसविण्यांत आलें, आणि १९०४ सालीं ते लंडनला गेले.

पुरावा काय होता तो पहा. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. धनुर्वाताचे जंतु राहतात कोठें? गुरांच्या शेणानें माखलेल्या अशाच मातींत. तो चिमटा विस्तवांत धरून शुद्ध केला नाहीं. कार्बॉलिकच्या पाण्यांत नुसता विसळला, आणि त्यानेंच बाटलीचें बूच काढलें. विष मुंबईसच शिरलें असतें तर तें बाटलींत दिवसेंदिवस वाढून उघडतांच दुर्गंधि सुटली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरास तशी घाण आली नाहीं. त्याच दिवशीं त्याच गांवांत इतर बाटल्यांतून टोचलेल्या कोणासही कांहीं झालें नाहीं. फौजदारी खटल्यांत एवढ्या पुराव्यावर आरोपी निर्दोष सुटता. निदान संशयाचा फायदा त्यास मिळाल्यावांचून राहता ना. येथें शाबितीचा बोजा उलटा आरोपीवर टाकला गेला. त्यांतून हा आरोपी इंग्रज नव्हे, सरकारी वैद्यकी खात्यांतला नव्हे, डॉक्टरीची पदवीही त्याजवळ नाहीं. आणि हे दोष त्या खात्यांतील कित्येकांस पूर्वींपासून खुपत होते. सांथीच्या कायद्याचें चौथें कलम सोजिरांच्या उपयोगी पडलें, हाफकिन यांच्या नाहीं. कारण त्यांचा फिर्यादी खुद्द सरकारच होतें. त्याच वर्षांत फ्रान्सांत कॅप्टन ड्रेफस ह्या यहुदी अंमलदाराच्या खटल्याचा निकाल फिरवून १९०६ सालीं त्यास निर्दोष ठरविण्यांत आलें, ह्याची आठवण युरोपांत अनेकांस झाली.

हाफकिन यांनीं आपल्या बचावाचे कागद चिकाटीनें गोळा केले. अखेर मलेरिया डांसापासून होतो हें सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूनें उठले. त्यांनीं व इतर नामांकित जंतुशास्त्रज्ञांनीं मिळून जुलै १९०७ मध्यें लंडनच्या टाइम्स पत्रांत जाहीर केलें कीं, हाफकिन यांच्यावरील आरोप टिकत नाहीं. १९०७ च्या नोव्हेंबरांत सरकारनें त्यांस पुन्हा नोकरीस बोलाविलें. निवाडा चुकला हें मोकळ्या मनानें कबूल करणें मात्र सरकारच्या स्वभावांत नव्हतें. परळची जागा दुसऱ्याकडे गेली होती. हाफकिन यांस कलकत्ता मिळालें, आणि माणसांवर लशीचे प्रयोग करण्याची मोकळीक मिळाली नाहीं. ज्यानें स्वतःच्या दंडावर दोन लशींची परीक्षा घेतली, त्यानें पुढील वर्षें पुष्कळशीं टेबलाशीं बसून काढलीं व पंचावन्नाव्या वर्षीं निवृत्ति घेतली. इकडे परळहून त्यांच्याच कृतीची लस देशभर जातच होती. १८९७ ते १९२५ पर्यंत अडीच कोटींहून अधिक मात्रा मुंबईहून बाहेर पडल्या.

निवृत्तीनंतर ते फ्रान्सांत व मग स्वित्झर्लंडांत राहिले. लग्न केलें नव्हतें. आपल्या धर्माकडे व यहुदी मुलांच्या शिक्षणाकडे त्यांचें लक्ष लागलें, आणि आपली बहुतेक शिल्लक त्यांनीं त्या कामास लावून दिली. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेचे तत्कालीन संचालक मॅकी यांच्या पुढाकारानें तिला हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें. हें कळल्यावर त्यांनीं आभाराचें पत्र धाडलें. त्यांत त्यांनीं कळविलें होतें कीं, आपल्या आयुष्याचीं उत्तम वर्षें मुंबईच्या कामांत गेलीं. मुल्कोवालविषयीं त्या पत्रांत तक्रार नव्हती. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं लोझान येथें ते वारले.