सिएटलचा पहिला हॉकीवीर: फ्रँक फॉइस्टन



गेल्या हिवाळ्यात आमच्या चिरंजीवांनी क्रिकेटची बॅट कपाटात ठेवली आणि आइस हॉकीची स्टिक हातात घेतली. तेव्हापासून शनिवारी पहाटे बेलव्ह्यूहून कर्कलँडची रिंक गाठायची आणि थर्मासमधला चहा पीत कुडकुडत बसायचे, हे माझ्या नशिबी आले आहे. पुण्यात वाढलेल्या माणसाला हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि धनराज पिल्ले. बर्फावरच्या हॉकीत मला ओ की ठो कळत नव्हते.

त्यातच शाळेने प्रोजेक्ट दिला, आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या खेळाडूची माहिती लिहून आणायची. शोधता शोधता आम्हाला फ्रँक फॉइस्टन सापडला. पण तो जन्माने कॅनडाचा, इथे आला तो नोकरीसाठी. मग तो इथला कसा, असे चिरंजीवांनी विचारले. आणि लगेच पुढचा प्रश्न, मग आपण तरी इथले आहोत का? ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या बापाला याचे उत्तर पटकन देता आले नाही. म्हटले, आधी या माणसाची गोष्ट वाचू.

फ्रँकचा जन्म २ फेब्रुवारी १८९१ चा, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या मिनेसिंग या छोट्या गावातला. १९१२ मध्ये तो टोरोंटो ब्लूशर्ट्स या संघात व्यावसायिक खेळाडू म्हणून दाखल झाला. १९१४ साली या संघाने स्टॅनले कप जिंकला. हा कप म्हणजे आइस हॉकीतला सर्वोच्च मान. तेविसाव्या वर्षी फ्रँकच्या नावावर तो जमा झाला होता!

आता पुढची गोष्ट आपल्या आयटीवाल्यांना लगेच समजेल. त्या काळी कॅनडात हॉकीच्या दोन मोठ्या लीग होत्या. पूर्वेची जुनी आणि पश्चिम किनाऱ्यावरची नवी. नवी लीग पॅट्रिक बंधूंनी काढलेली. १९१५ मध्ये त्यांनी सिएटलला नवा संघ काढायचे ठरवले, पण खेळाडू आणायचे कुठून? त्यांनी सरळ टोरोंटोचा संघ फोडला. फ्रँक फॉइस्टन, जॅक वॉकर, कली विल्सन, एडी कारपेंटर आणि गोलरक्षक हॅप होम्स असे पाचजण एकदम सिएटलला आले. एखाद्या कंपनीने दुसऱ्या कंपनीची अख्खी प्रोजेक्ट टीम उचलावी, तसाच प्रकार. टोरोंटोच्या मालकाला काय वाटले असेल याची कल्पना करा!

अशा रीतीने २४ वर्षांचा फ्रँक या गावात आला. तेव्हा आपले बेलव्ह्यू शहर नव्हतेच, ते झाले १९५३ मध्ये. इकडे शेते आणि झाडी. तलावावर पूल नव्हता, पहिला तरंगता पूल झाला १९४० साली. सिएटलला जायचे तर बोटीने. तिकडे डाउनटाउनमध्ये फिफ्थ अॅव्हेन्यू आणि युनिव्हर्सिटी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर नवीकोरी आइस अरीना उभी राहिली. ती बांधणाऱ्या मेट्रोपॉलिटन बिल्डिंग कंपनीवरून संघाचे नाव पडले सिएटल मेट्रोपॉलिटन्स.

पश्चिमेकडची हॉकी सात जणांची असे. सातव्या खेळाडूला रोव्हर म्हणत, तो मैदानभर फिरायचा. फ्रँक सेंटरलाही खेळे, रोव्हर म्हणूनही खेळे आणि गरज पडली तर विंगलाही. आपल्या भाषेत ऑलराउंडर! १९१६-१७ च्या मोसमात मधे बर्नी मॉरिस होता, म्हणून फ्रँक लेफ्ट विंगला गेला. जागा बदलली म्हणून त्याचा खेळ काही खाली आला नाही. २४ सामन्यांत त्याने ३६ गोल केले आणि लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मार्च १९१७ मध्ये स्टॅनले कपसाठी मॉन्ट्रिअल कॅनेडियन्स सिएटलला आले. पहिला सामना त्यांनी ८-४ असा जिंकला. मग मात्र सिएटलने सलग तीन सामने घेतले, ६-१, ४-१ आणि ९-१. मॉरिसने चार सामन्यांत १४ गोल केले, फ्रँकने ७. संघात खेळाडू होते फक्त नऊ, त्यामुळे मुख्य खेळाडूंना जवळजवळ पूर्ण वेळ बर्फावर राहावे लागे. अमेरिकेतल्या संघाने स्टॅनले कप जिंकण्याची ही पहिलीच वेळ. एनएचएलची स्थापना त्यानंतर आठ महिन्यांनी झाली, म्हणजे न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागोच्या कितीतरी आधी आपले सिएटल! आणि तो मान मिळवून दिला कॅनडाहून कामासाठी आलेल्या पोरांनी.

दोन वर्षांनी, मार्च १९१९ मध्ये, हेच दोन संघ पुन्हा सिएटलमध्ये भिडले. या वेळी बर्नी मॉरिस नव्हता. तो कॅनडाचा नागरिक, पण काम अमेरिकेत. अमेरिकेची लष्करभरती चुकवल्याच्या आरोपावरून अंतिम फेरीच्या तोंडावर त्याला पकडले आणि पुढे अल्काट्राझच्या लष्करी तुरुंगात पाठवले. वर्षभराने त्याची सन्मानाने सुटका झाली. परक्या देशात कागदपत्रे किती महत्त्वाची, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मॉरिसची उणीव फ्रँकने भरून काढली. पाच सामन्यांत ९ गोल! पहिला सामना सिएटलने ७-० आणि तिसरा ७-२ असा घेतला, दुसरा मॉन्ट्रिअलने. चौथा जादा वेळ खेळूनही ०-० राहिला. पाचव्यात सिएटल ३-० ने पुढे होते, पण दमलेल्या खेळाडूंना ती आघाडी टिकवता आली नाही आणि जादा वेळेत मॉन्ट्रिअलने ४-३ असा सामना मारला. दोन्हीकडे दोन दोन विजय. निर्णायक सामना १ एप्रिलला ठरला.

तो सामना झालाच नाही. स्पॅनिश फ्लूची साथ होती. मॉन्ट्रिअलचे अनेक खेळाडू आणि मॅनेजर तापाने फणफणले होते, संघ उभा करण्याइतकी माणसेच उरली नव्हती. नियमाप्रमाणे सिएटलला कप आयता मिळाला असता. पण सिएटलचे मॅनेजर पीट मल्डून यांनी आजारी माणसांकडून असा विजय घेण्यास साफ नकार दिला. ५ एप्रिलला मॉन्ट्रिअलचा जो हॉल सिएटलमध्येच वारला. २०२० मध्ये कर्कलँडहून आलेल्या बातम्या आणि ते दिवस आपण विसरलेलो नाही, त्यामुळे त्या लोकांवर काय गुजरले असेल हे आपल्याला कळते. पुढे १९४८ मध्ये कपावर १९१९ सालापुढे दोन्ही संघांची नावे कोरली गेली आणि मालिका अपूर्ण राहिल्याची नोंदही.

१९२० मध्ये अंतिम फेरीत सिएटल ओटावाकडून हरले. १९२४ मध्ये तर संघच बंद पडला. शेजारी ऑलिम्पिक हॉटेल उभे राहत होते, त्याच्या गाड्यांसाठी जागा हवी होती. आइस अरीनाचे चक्क पार्किंग गॅरेज झाले! ज्या बर्फावर नऊ मोसम घाम गाळला, तिथे आता मोटारी उभ्या राहणार. वय ३३, काम गेले.

फ्रँक रडत बसला नाही. वॉकर आणि होम्सबरोबर तो व्हिक्टोरियाला गेला आणि १९२५ मध्ये व्हिक्टोरिया कूगर्सने मॉन्ट्रिअललाच हरवून स्टॅनले कप घेतला. एनएचएलबाहेरच्या संघाने कप जिंकल्याची ती शेवटची वेळ. तीन वेगळ्या संघांतून तीन कप! १९२६ मध्ये पश्चिमेकडची लीगही बुडाली आणि व्हिक्टोरियाचे खेळाडू डेट्रॉइटला विकले गेले. तिथला पहिला मोसम घरचे सामनेही नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला खेळावे लागले. १९२८ पर्यंत फ्रँक एनएचएलमध्ये खेळला, गोल फक्त १७. त्याचे उमेदीचे दिवस ज्या लीगमध्ये गेले ती लीगच उरली नाही, म्हणून पुढच्या पिढ्यांना त्याचे नाव फारसे ठाऊक नाही.

नंतर तो प्रशिक्षक झाला. आणि कुठे परतला? सिएटलला! १९३० च्या दशकात त्याने सिएटल सी हॉक्स या हॉकी संघाला शिकवले. (हो, फुटबॉलवाल्यांच्या कितीतरी आधी हे नाव हॉकीत होते.) १९५८ मध्ये त्याला हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. १९६३ मध्ये ती जुनी अरीना पाडली गेली आणि १९ जानेवारी १९६६ ला, वयाच्या ७४ व्या वर्षी, फ्रँक सिएटलमध्येच वारला.

त्या कोपऱ्यावर आज काय आहे माहीत आहे? आयबीएम बिल्डिंग! आपल्यापैकी किती तरी जण तिच्यासमोरून गेले असतील. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्रॅकनने आपल्या अरीनात १९१७ च्या विजयाचा बॅनर चढवला, तोही मॉन्ट्रिअलविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी. शंभर वर्षांनी का होईना, गावाने आठवण ठेवली.

प्रोजेक्ट वेळेत गेला. आपण इथले का, या प्रश्नावर चिरंजीवांनीच तोडगा काढला. फ्रँक मिनेसिंगचाही आणि सिएटलचाही, असे त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिले. मी त्यात काही दुरुस्ती केली नाही. पुण्याला आजीला फोनवर ते वाचून दाखवले, तर ती एवढेच म्हणाली की थंडीत कान झाकून खेळत जा.

मंडळी, डाउनटाउनला गेलात तर मुलांना तो कोपरा जरूर दाखवा.