सोलापूरचे डॉक्टर आणि आमच्या घरातलं दुखणं

दुधनीहून आम्ही सोलापूरच्या गाडीत बसलो की आई हटकून डॉ. कोटणीसांचा विषय काढायची. सोलापूरचा मुलगा चीनमध्ये गेला, तिथल्या जखमींची सेवा करता करता मेला, एवढंच तिला ठाऊक. ते कशानं गेले, हे मला फार पुढे कळलं आणि मी दचकलो. माझ्या चुलतभावाला होतं तेच दुखणं, फेफरं.

भाऊ पडला की आमच्याकडे कुणी कांदा फोडून नाकाशी धरी, कुणी चप्पल. लग्नाचा विषय निघाला की माजघरात कुजबुज सुरू होई.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १९१०चा. मुंबईत ते डॉक्टर झाले. १९३८ साली काँग्रेसनं जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे पाच डॉक्टरांचं पथक धाडलं, त्यात हे होते. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. बाकीचे एकेक करून मायदेशी आले. कोटणीस मात्र राहिले. १९४१ साली बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं.

अशा माणसाला भीती वाटत नसेल का? वाटणारच. बॉम्ब फुटला की मेंदूतला बदामाएवढा अमिग्डाला इशारा देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, छाती धडधडते. शूराच्या अंगातही हेच घडतं. पण म्हणून भावना बाजूला सारली की निर्णय चांगला होतो, असंही नाही. कपाळामागच्या मेंदूला विशिष्ट ठिकाणी इजा झालेली माणसं हिशेब अचूक करतात, मात्र साध्या निवडीत अडखळतात. कशाचं काही वाटेनासं झालं की निवडायचं कशाच्या जोरावर? कोटणीसांचं तिथं राहणं निव्वळ ग्रंथींचा खेळ होता, असं म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही.

फेफरं म्हणजे मेंदूतल्या विद्युतसंदेशांचा अचानक उठणारा कल्लोळ. जागरणानं ते बळावतं, आणि आघाडीवरच्या सर्जनला झोप कुठली! ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. त्याचं नाव यिन्हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. तोही वैद्यकीचं शिक्षण घेत असताना १९६७ साली वारला. क्वो छिंगलान २०१२पर्यंत होत्या. भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटूनही गेल्या.

हे सारं मी एकदा काकूला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. पुढे भावाला स्थळ आलं, तेव्हा घरातल्या थोरांचं ठरलं होतं, दुखण्याचा उच्चार करायचा नाही. चार लोक काय म्हणतील, याची धास्ती! काकूनं मात्र मुलीला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं.

मुलीनं गोळ्यांच्या वेळा तेवढ्या विचारून घेतल्या.