रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि मंडळीचा आनंद

टिळकांचीं भजनें आपल्या खानदेशांतील खेड्यापाड्यांच्या उपासनेंत गाइलीं जातात. परंतु तीं ज्या आयुष्यांतून निघालीं, तें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून तें येथें थोडक्यांत सांगतों.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत करजगांव येथें ब्राह्मण कुळांत झाला. १८९३ सालीं राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचतां वाचतां त्यांचें मन प्रभूकडे ओढलें गेलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याचें मोल त्यांस तत्काळ द्यावें लागलें. पत्नी लक्ष्मीबाई व लहान मुलगा यांची त्यांच्याशीं कित्येक वर्षें ताटातूट झाली. पुढें लक्ष्मीबाई परत आल्या, तरी प्रथम त्या आपलें सोंवळें संभाळीत व अन्नपाणी वेगळें ठेवीत. तो भेद हळूहळू त्यांच्या मनांतून गळून पडला, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. एका घरांतील माणसांस एका पंक्तीस बसावयास इतका काळ लागला. मग अनेक जातींतून आलेल्या मंडळीस एकजीव होण्यास वेळ लागला तर नवल काय?

टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्यें काम करूं लागले व १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या काळीं मंडळ्यांत इंग्रजी गीतांचीं भाषांतरें परक्या चालींवर पुष्कळ गात असत. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं आधींच देशी चालींची वाट पाडली होती. टिळकांनीं तिचा राजमार्ग केला. अभंग, भजन आणि कीर्तन यांतून त्यांनीं ख्रिस्ताचें नांव मराठी माणसाच्या जिभेवर आणिलें. ज्यास अक्षर येत नाहीं तोही टाळ घेऊन गाऊं लागला. जात्यावर बसलेल्या बाईसही आपल्या भाषेंत प्रभूचें स्तवन करितां आलें. अशी मंडळी उपदेशक येवो न येवो, एकत्र जमूं शकते.

१९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें. तेथें धरणगांवचा एक कोंवळा मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, सर्वांच्या नजरेंत भरला व बालकवि म्हणून गाजला. टिळकांनीं त्यास अहमदनगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें. लक्ष्मीबाईंनीं त्याचें आईप्रमाणें केलें. तो ख्रिस्ती झाला नाहीं, तरी त्या घराचें दार त्यास कधीं बंद झालें नाहीं. १९१८ सालीं जळगांवाजवळ भादली स्टेशनावर आगगाडीखालीं त्याचा अंत झाला.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला व साताऱ्यास जाऊन देवाचा दरबार स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांचें एक कुटुंब व्हावें, हा त्यांचा हेतु होता. त्याविषयीं मतभेद झाले. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते प्रभुवासी झाले, आणि त्यांच्यामागें तो दरबार फार दिवस टिकला नाहीं. त्यांचें ख्रिस्तायन हें काव्यही अपुरें राहिलें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें.

यावरून आपण काय शिकावें? दरबार मोडला, पण भजनें राहिलीं. कारण तीं एका माणसाच्या नांवाभोंवतीं नव्हे, तर प्रभूभोंवतीं लोकांस जमवितात. चाळीसगांव असो, धुळें असो कीं नवापूरकडील एखादा पाडा असो, जमणारे दहाच असोत वा देऊळ कुडाचें असो, मंडळीचा आनंद संख्येंतून वा भिंतींतून येत नाहीं. मध्यें ख्रिस्त असला व शेजारीं बसलेल्या भावाचा विटाळ मनांत नसला म्हणजे तो येतो. तर येत्या रविवारीं टाळ घेऊन वेळेवर या, आणि दाराबाहेर जो संकोचानें उभा असेल, त्यास हाक मारून आपल्याजवळ बसवा.