कडी घातलेले पक्षी आणि नवापूरचा बर्ड फ्लू

२००६ च्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या पोल्ट्री शेडमध्ये कोंबड्या भराभर मरू लागल्या, तेव्हा आधी संशय राणीखेतचा होता. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला. तो एच५एन१ होता, देशातल्या कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू. तीन किलोमीटरच्या परिघातील कोंबड्या मारण्यात आल्या. माणसांचेही नमुने तपासले. कुणालाही लागण झालेली आढळली नाही. मात्र विषाणू आला कुठून, असा प्रश्न निघताच बोट दाखवले गेले ते हिवाळी पाहुण्या पक्ष्यांकडे. असा संशय तपासायचा कसा, याची रीत डॉ. सालिम अली यांनी आपल्याकडे जवळजवळ पन्नास वर्षे आधी घालून दिली होती.

सालिम अली यांचा जन्म १८९६ चा, मुंबईतला. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तैयबजी यांनी सांभाळले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथलाच झाला. विद्यापीठाची पदवी नव्हती, त्यामुळे नोकरी मिळणे अवघड होते. जर्मनीत श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकताना त्यांनी हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्र पाहिले. परतल्यावर संग्रहालयातले पदही राहिले नाही. मग अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास सुरू झाला. बेकारीचा एवढा चांगला उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (आजची एनआयव्ही) त्यामागचा, गोचिडांतून पसरणारा विषाणू शोधला. तो रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. मग सायबेरियातून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडांतून तो आणत असतील का, ही शंका आली. ती तपासण्यासाठी १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीचा स्थलांतर प्रकल्प सुरू झाला. सालिम अली तेव्हा साठी ओलांडलेले होते. बिहारमधील मिरशिकार समाजाचे पारधी जाळ्यात पक्षी जिवंत पकडत. प्रत्येकाच्या पायात क्रमांकाची कडी घातली जाई, अंगावरचे गोचीड वेचले जात, रक्ताचा नमुना घेतला जाई आणि पक्षी सोडून दिला जाई. भरतपूरला कडी घातलेली बदके पुढे सायबेरियात सापडली, तेव्हा उडण्याचे मार्ग नकाशावर उमटू लागले. रोग मात्र पक्ष्यांनी आणल्याचा पुरावा मिळाला नाही. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराचा पैसा मिळाल्याने संसदेपर्यंत वाद गेला. पैशाबद्दलचा तो प्रश्न रास्तच होता, पण हाती आलेली माहिती त्यामुळे खोटी ठरत नाही.

सालिम अली १९८७ मध्ये गेले. आजचा एच५एन१ त्यानंतर नऊ वर्षांनी चीनमधील पाळीव हंसांत सापडला. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाई सरोवरावर डोक्यावर पट्टे असलेले हजारो रानहंस मेले. हेच हंस हिवाळ्यात आपल्याकडे येतात. म्हणून नवापूरनंतर चिल्का सरोवरावर हंसांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली गेली. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कोणत्या तळ्यावर उतरतो आणि त्या तळ्याजवळ किती पोल्ट्री आहेत, हे जुळवले की विष्ठेचे नमुने कुठे आणि कधी घ्यायचे ते ठरवता येते. पण विषाणू फक्त पंखांवरून येत नाही. अंड्यांचे ट्रे, पिल्लांची गाडी, कामगाराच्या चपला यांवरूनही तो एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जातो. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या.

तळ्याकाठी मेलेला पक्षी दिसला आणि त्याच्या पायात कडी असली, तरी उघड्या हाताने उचलू नये. दुरून क्रमांक वाचता आला तर टिपून घ्यावा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.