एकीच्या ठावठिकाण्यासाठी : पंडिता रमाबाई

सारसोळे, नवी मुंबई : खाडीकाठचे जुने गावठाण आणि पामबीच रस्त्यालगतच्या उंच इमारती यांच्या दाटीत एक प्रश्न सहसा घराबाहेर येत नाही. बौद्धिक दिव्यांग मुलगा किंवा मुलगी वयात येते, आईवडील थकत जातात आणि आपल्यामागे याचे कोण, या चिंतेने त्यांची झोप उडते. निवासी संस्थेत जागा मिळेलही. पण तेथे आपल्या लेकराला नीट वागवतील, याची हमी कोणी द्यायची? येथून जवळच असलेल्या कळंबोलीतील गतिमंद मुलींच्या वसतिगृहातील अत्याचार २०११ मध्ये उघडकीस आले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली. ज्याला आपली तक्रार स्वतः मांडता येत नाही, त्याच्या वतीने जाब विचारणारे कोणी नसेल, तर निवाऱ्याचाच कोंडवाडा होतो, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. सव्वाशे वर्षांपूर्वी नेमका असा जाब एका स्त्रीने थेट सरकारला विचारला होता. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनरीत झुगारून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या मुलीला दिली. घर असे नव्हतेच. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर कुटुंबाचा निर्वाह चाले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. निराधारपण म्हणजे काय, हे रमाबाई पोटात भूक घेऊन शिकल्या. पुढे भाऊ श्रीनिवास यांच्यासह हजारो मैल पायी फिरून त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भावाच्या निधनानंतर बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण अवघ्या दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, वैधव्य आले. कन्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांना स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर मिळाव्यात, अशी मागणी मांडली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सन्मानाने सांभाळणारे लंडननजीकच्या फुलहॅम येथील ख्रिस्ती भगिनींचे आश्रयगृह त्यांनी पाहिले. त्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर अमेरिकेत त्यांनी शाळा आणि परोपकारी संस्था बारकाईने न्याहाळल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. प्लेगच्या सरकारी रुग्णालयात नेलेल्या आश्रमातील एका मुलीचा पुढे ठावठिकाणा लागेना. मुलीवर नशिबाचा शिक्का मारून गप्प बसणे सोपे होते. रमाबाईंनी मात्र त्या रुग्णालयातील आणि विलगीकरण छावणीतील स्त्रियांच्या हालांविषयी बॉम्बे गार्डियन या पत्रात उघडपणे लिहिले. प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. तरीही शेकडोंच्या गर्दीतल्या एका मुलीचा हिशेब एका स्त्रीने सरकारकडे मागितला, ही गोष्ट पुसली गेली नाही.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी दौंडनजीक केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढा पसारा असूनही सर्वांना एकाच साच्यात कोंबले गेले नाही. वृद्ध आणि दुर्बळ स्त्रियांसाठी प्रीती सदन, संकटातून सोडविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, तर अंध स्त्रियांसाठी वेगळा विभाग होता. शेती, विणकाम, शिवणकाम, दुग्धालय, छापखाना यांतून ज्या हातांना जे जमेल ते काम मिळे. दयेच्या घासापेक्षा कामाचा घास माणसाला ताठ उभे करतो, ही त्यामागची दृष्टी होती.

या कार्यालाही वादाची बाजू होती. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर धर्मांतराचा प्रभाव पडत असल्याच्या आक्षेपावरून पुण्यात गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दूर झाले आणि अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेले. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, यावर मतभेद राहतील. परंतु आश्रय देणाऱ्याची श्रद्धा आणि आश्रिताची इच्छा यांच्यातील सीमारेषा कोणी आखायची, हा प्रश्न आजच्या प्रत्येक निवासी संस्थेलाही लागू आहे. जो आपल्या दारातून बाहेर जाऊ शकत नाही, त्याचे मत विचारण्याची जबाबदारी दार सांभाळणाऱ्यावर अधिकच येते.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. कार्याची धुरा ज्यांच्याकडे सोपवायची, त्या मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये निवर्तल्या. एकुलत्या कन्येच्या मागे रमाबाई वर्षभरही राहिल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचे निधन झाले. आपल्यामागे कोण, हा प्रश्न त्यांनाही चुकला नाही. मात्र मुक्ती सदन त्यांच्यानंतरही चालत राहिले.

आज राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय करतो, तर दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा त्यांच्यासाठीच्या संस्थांची नोंदणी बंधनकारक ठरवतो. पण कागदावरचा कायदा रात्री वसतिगृहात फेरी मारत नाही. आपल्या लेकराला एखाद्या संस्थेच्या हवाली करताना इमारतीच्या रंगापेक्षा वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतील. न कळवता भेटायला जाता येते का? दिवसभर त्याच्या हाताला काय काम असते? येथे राहणाऱ्यांपैकी एखादी उद्या दिसली नाही, तर तिची चौकशी करणारे कोणी आहे का? १८९७ च्या पुण्यात रमाबाईंनी एकीसाठी हा शेवटचा प्रश्न विचारला होता. तो विचारणारे माणूस प्रत्येक निवासी संस्थेच्या दारात उभे असणे, हीच खरी हमी आहे.